नऊ रविवारांची कादंबरी : एका आमिश मुलीची गोष्ट लिहून छापेपर्यंत

१२ नोव्हेंबर २०१९, मंगळवार. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या सेंट्रल मार्केटमध्ये मी नेहमीच्या भाजीवालीकडे गेले, तर तिच्या ओट्यावर कापड पसरलेलं. शुक्रवारी पुन्हा गेले तेव्हा ती होती, पण सेलरीची भाजी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "सगळी लग्नाला गेली." मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मग तिने समजावून सांगितलं. आमच्या या भागातल्या आमिश लोकांची (जुन्या, साध्या पद्धतीने वेगळं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) लग्नं पिकं घरात आली की लागतात, बहुतेक नोव्हेंबरात आणि तीही मंगळवारी नाहीतर गुरुवारी. जेवायला तीनशे-चारशे माणसं असतात. पंगतीत कोंबडी आणि पावाचं सारण एकत्र भाजलेलं 'रोश्ट' असतं आणि दाट रश्शातली सेलरी असते. टेबलांवर फुलांच्या जागीही काचेच्या बरण्यांत सेलरीच उभी असते. साखरपुडा मात्र गुपित. शरद ऋतूतला प्रभुभोजनाचा विधी झाल्यावर भर सभेत नावं जाहीर होतात, तोवर कुणी बोलत नाही. पण ज्या घरी लग्नाची मुलगी आहे तिथे वाफे जास्त लागलेले दिसले, की शेजारणी काय ते ओळखतात.

घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी खिडकीतून बघतेय. आई परसात गरजेपेक्षा चार ओळी जास्त सेलरी लावतेय आणि मुलीने अजून कुणालाच होकार दिलेला नाही.

त्या चित्राची कादंबरी होऊन हातात यायला चार वर्षं लागली. परदेशात राहून इंग्रजीत लिहू बघणाऱ्या आपल्या काही मैत्रिणींनी वाट विचारली, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवतेय.

त्या हिवाळ्यात मी आधी वाचन केलं. आमिश प्रेमकथा हा अमेरिकेत मोठा खपणारा प्रकार आहे. १९९७ मध्ये बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' आली, ती इथल्याच लँकेस्टर परगण्यातली गोष्ट. तिच्यानंतर या कादंबऱ्यांची रांगच लागली. मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली मुलगी, मागे शेत, लांबवर बग्गी. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक ख्रिस्ती बायका, आमिश नव्हेत. पण काही आमिश बायकाही त्या आवडीने वाचतात. सार्वजनिक वाचनालयातून मी वीसेक आणल्या, खर्च शून्य. त्यातल्या ज्या आवडल्या त्या मनापासून आवडल्या. ज्या नाही आवडल्या त्यांत मुलगी सोळाची होते, बाहेरच्या जगातला मुलगा भेटतो, आणि मग पळून जाणं किंवा रडून परत येणं. मधल्या काळात ती स्वतः काय विचार करते, ते सापडायचं नाही.

जानेवारी २०२० मध्ये मी मेनोनाइट (आमिश ज्यांच्यातून वेगळे झाले तो ख्रिस्ती पंथ) इतिहासाच्या इथल्या ग्रंथालयात जायला लागले. तिथे एक आजी स्वयंसेविका म्हणून बसायच्या, वय ऐंशीच्या पुढे, आईकडचं घराणं आमिश. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या चर्चच्या?" मी म्हटलं, "मी हिंदू, साताऱ्याची." त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासाठी तुम्हीही इंग्लिशच." आमिश नसलेल्या प्रत्येकाला ते लोक 'इंग्लिश' म्हणतात. साताऱ्यात जन्मलेली, घरात मराठी बोलणारी मी त्यांच्या हिशोबात इंग्लिश. बाहेरून बघणारी म्हणून माझी जागा कुठे आहे, हे त्या एका शब्दाने मला दाखवून दिलं. पुढे लिहिताना तो शब्द मी कागदावर लिहून समोर चिकटवला होता.

आजींनी मला मुळापासून शिकवलं. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात याकोब आमान मूळ गटातून वेगळा झाला, तिथून हे नाव. लहान बाळाला नव्हे, तर जाणत्या माणसाला, त्याने स्वतः मागितला तरच बाप्तिस्मा, म्हणजे पंथात घेण्याचा पाण्याचा संस्कार, हा या सगळ्याचा पाया. सोळाव्या वर्षी 'रुमश्प्रिंगा' सुरू होतं, म्हणजे बाप्तिस्म्याआधीचा मोकळा काळ. डाइच या त्यांच्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ हुंदडणं. टीव्हीवर त्याचा जो धिंगाणा दाखवतात तो थोड्यांचा. बहुतेक मुलं-मुली आईबापाच्याच घरी राहतात, दिवसभर काम करतात, रविवारी संध्याकाळी आपल्या गटाबरोबर व्हॉलीबॉल खेळतात, मग टेबलाशी समोरासमोर बसून गाणी म्हणतात. या गटांना लँकेस्टरमध्ये चक्क 'गँग' म्हणतात. गाणी संपली की मुलगा मुलीला आपल्या बग्गीतून घरी सोडतो. प्रेम जमायचं ते या परतीच्या रस्त्यावर, घोड्याच्या चालीने.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ग्रंथालय बंद झालं. मी घरात बसून लिहीत राहिले. मुलगी आणि नवरा दोघेही ऑनलाइन, म्हणून पहाटे पाच ते सात ही माझी वेळ. डिसेंबरपर्यंत ३१० पानांचा पहिला खर्डा झाला. माझी नायिका बाजारातल्या ओट्यावर काम करते. तिचं शिक्षण आठवीपर्यंत झालंय, कारण तेवढंच असतं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' खटल्यात आमिश पालकांना मुलांना आठवीनंतर शाळेत न पाठवण्याचा हक्क दिला. तिला पुढे शिकायचंय आणि गँगमधला एक मुलगाही मनापासून आवडतोय. दोन्ही खरं आहे.

लिहिणं एका बाजूला चाललं होतं, दुसऱ्या बाजूला कागदपत्रं. मी तेव्हा एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या पत्नीला मिळतो त्यावर, होते. आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, लिहा खुशाल, पण कामाचा परवाना हातात येईपर्यंत पुस्तक विकू नका. पतीचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असल्यामुळे मला परवान्यासाठी अर्ज करता येत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुदतवाढ आणि परवाना असे दोन्ही अर्ज एकत्र धाडले : ३७० अधिक ४१० डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५, एकूण ८६५. ठशांसाठी बोलावणं येण्याची वाट बघत राहिले. १७ मे पासून एच-४ वाल्यांची ती अट स्थगित झाली, म्हणजे ठसे द्यावेच लागले नाहीत, भरलेले पैसे गेले. कार्ड सप्टेंबरात आलं. सात महिने. त्या सात महिन्यांत रोज सकाळी अर्जाचा क्रमांक टाकून बघायचा आणि तीच ओळ वाचायची, याने जीव किती विटतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. शुल्क आता बदललंय, तेव्हा माझे आकडे धरून चालू नका. तुमच्या व्हिसावर पुस्तकाचं उत्पन्न चालतं का, हे वकिलाला लेखी विचारा. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

याच वाट बघण्याच्या काळात कादंबरीचं खरं काम झालं. आजींच्या ओळखीने एक बाई भेटल्या. आमिश घरात वाढलेल्या, बाप्तिस्मा न घेता विसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या. आता चाळिशीच्या. हस्तलिखित वाचून चुका दाखवायचे ३०० डॉलर ठरले. जून २०२१ मध्ये त्यांनी कागद परत दिले. पान १८८ ते २२८ वर लाल पेन्सिलीने एकच उभी रेघ होती.

त्या ४१ पानांत मी असं लिहिलं होतं, की नायिका घर सोडते आणि आईबाप तिच्यावर बहिष्कार घालतात. दार बंद, पत्र नाही, नाव काढायचं नाही. ती पानं लिहिताना मी रडले होते. बाई म्हणाल्या, "हिने बाप्तिस्मा कुठे घेतलाय? शब्दच दिला नाही तर मोडला कसा? मी दर नाताळला आईकडे जाते, तिच्या शेजारी बसून जेवते." मग त्यांनी भावाचं सांगितलं. भावाने बाप्तिस्मा घेतला होता आणि नंतर सोडून गेला. तो आला की आई जेवणघरात दोन टेबलं लावते, मध्ये चार बोटांची फट ठेवते आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरते. वरून बघणाऱ्याला एकच टेबल दिसतं. "वाढताना आईचा हात त्या फटीवरून जातो," त्या म्हणाल्या, "आणि दर वेळी चादर तिथे जराशी खाली दबते."

मी त्या रात्री ती ४१ पानं काढून टाकली. ते टेबल मी त्यांना विचारून कादंबरीत घेतलं, त्यांच्या घराची ओळख पटेल असं काही न ठेवता.

त्यांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. मी नायिकेच्या झग्याला बटणं लावली होती. त्यांनी आईचा जुना झगा, वरची त्रिकोणी घडी आणि एप्रन आणला आणि माझ्या अंगावर चढवला. बटण एकही नाही, सगळं टाचण्यांवर. एकेक टाचणी कापडात शिरते, दोन धागे उचलते, पुन्हा आत जाते, टोक कापडाच्याच पोटात लपतं. कंबरेपाशी त्यांनी हात थांबवला, म्हणाल्या, आता श्वास घ्या. घेतला. टोचलं नाही. "टोचलं तर लावणारीला येत नाही असं समजायचं. आठ वर्षांच्या मुलीला येतं हे." मला माझी आजी आठवली, नऊवारीचा काष्टा न बघता खोचणारी. नायिका रविवारच्या संध्याकाळी आरशाशिवाय टाचण्या लावते आणि आज पहिल्यांदा तिला टोचतं, हा प्रसंग तिथून आला. मुलाचं नाव त्या प्रसंगात एकदाही येत नाही.

पहिल्या खर्ड्यात मी निळं फाटकही घातलं होतं. लग्नाची मुलगी घरात असली की आमिश बाप फाटक निळं रंगवतो, असं पर्यटकांना सांगितलं जातं. तसं काही नसतं. ते पानही गेलं.

पण सगळ्यात मोठा बदल रचनेत झाला. आजींना फोनवर बाप्तिस्म्याच्या तयारीबद्दल विचारलं, तेव्हा कळलं की वसंतातलं प्रभुभोजन झालं की मुलामुलींचे धडे सुरू होतात. उपासना एक रविवार सोडून कुणाच्या ना कुणाच्या घरी असते. खाली मंडळी गात असताना ही मुलं वरच्या खोलीत धर्मगुरूंसमोर बसतात. डॉर्ड्रेख्ट इथे १६३२ मध्ये लिहिलेल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याची अठरा कलमं, दर वेळी दोन. म्हणजे नऊ बैठका. साधारण मे ते सप्टेंबर. मी वहीत लिहिलं, 'नऊ', आणि कादंबरी माझ्यासमोर उभी राहिली. नऊ रविवार, नऊ प्रकरणं. पळून जाण्याचा कट नाही, बाहेरून आलेला राजपुत्र नाही. दर पंधरा दिवसांनी ती मुलगी जिना चढते, तेव्हा खालून आउसबुंड या त्यांच्या जुन्या गीतपुस्तकातलं गाणं ऐकू येत असतं. दुसरं गाणं कायम 'लोबलीड' हे स्तुतिगीतच, चार कडवी, पण इतक्या संथ लयीत की वीस मिनिटं चालतं. जर्मन जुनं, सगळे शब्द सगळ्यांना कळतात असं नाही, चाल मात्र पाठ असते. आपण रामरक्षा जशी लहानपणी अर्थाआधी शिकलो, तसंच.

आणि बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी धर्मगुरू शेवटचं विचारतात. मागे फिरायचं असेल तर आज फिर. शब्द देऊन मोडण्यापेक्षा न दिलेला बरा. एखाद्या प्रेमकथेला यापेक्षा मोठा क्षण मी शोधून काढू शकले नसते. कारण त्या मुलालाही, त्या लग्नालाही होकार द्यायचा तर आधी या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. दोघांचाही बाप्तिस्मा झाला असल्याशिवाय लग्न लागत नाही.

बाप्तिस्मा मी पाहिलेला नाही. बघायला बोलवा असं विचारायचं धाडस केलं नाही, आणि ते बरोबरच केलं असं वाटतं. बाईंनी जे सांगितलं तेवढंच लिहिलं. मुली गुडघ्यांवर, डीकनची (बिशपच्या हाताखालच्या सेवकाची) बायको टोपी सोडते, बिशप डोक्यावर हातांची ओंजळ धरतो, डीकन तीनदा पाणी ओततो. बिशपची बायको उठवून मुलीचं चुंबन घेते. पाणी मानेवरून टाचण्यांपर्यंत जातं, हे माझं.

दुसरा खर्डा फेब्रुवारी २०२२ मध्ये संपला, २४० पानं. मार्च ते सप्टेंबर ३८ साहित्यिक एजंटांना (लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणाऱ्यांना) पत्रं लिहिली. ११ उत्तरं आली, सगळी नकाराची. एकांनी सविस्तर लिहिलं की शेवटी मुलगी पळाली तर विकता येईल. एका ठिकाणी माझी श्रद्धा कोणती ते लिहायचा रकाना होता. मी खरं लिहिलं, पुढे काही कळलं नाही. वाईट वाटलं, पण त्या वाचकवर्गाची ती अपेक्षा असते हेही समजत होतं. तुम्ही पाठवणार असाल तर एक तक्ता ठेवा : नाव, तारीख, काय पाठवलं, उत्तर. आणि एकदम सगळ्यांना पाठवू नका. आठ-दहांना पाठवा, थांबा, पत्र सुधारा. मी पहिल्या वीस जणांना कच्चं पत्र पाठवलं आणि ती वीस दारं परत ठोठावता आली नाहीत.

ऑक्टोबरात ठरवलं, आपणच छापू.

यातली प्रक्रिया क्रमाने करायची असते, आणि क्रम चुकला तर काही गोष्टी नंतर होतच नाहीत. म्हणून नीट सांगते. जानेवारी २०२३ मध्ये संपादिकेला ११०० डॉलर दिले, तिने सहा आठवडे घेतले. मुखपृष्ठ ४०० डॉलर. चेहरा नको, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. फोटोसाठी चेहरा देणं ज्यांना मान्य नाही, त्यांच्या गोष्टीवर एखाद्या मॉडेलचा चेहरा लावायला मन घेईना. मग सोमवारची धुण्याची दोरी घेतली. अंगणातून उंच खांबाकडे कप्पीवर चढत गेलेली, लहान कपड्यांपासून मोठ्यांपर्यंत. आतला नकाशा एका ओळखीच्या मुलाने काढला, १२० डॉलर.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. इथे स्वतःच्या नावावर हवा तर विकत घ्यावा लागतो, आणि प्रकाशक ज्या देशात त्या देशाचाच चालतो. एक घेतला तर १२५ डॉलर, दहाचा संच २९५ ला. कागदी आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा लागतो, म्हणजे दोनाचेच २५० होतात. संच घ्या.

मग लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा नियंत्रण क्रमांक, ग्रंथालयांच्या सूचीसाठी. हा फुकट आहे, पण पुस्तक प्रकाशित होण्याआधीच मागावा लागतो, नंतर मिळत नाही. पुस्तक पन्नास पानांपेक्षा मोठं हवं आणि प्रकाशनाचं ठिकाण अमेरिकेतलं छापलेलं हवं. मला आठ दिवसांत मिळाला. छापून झाल्यावर एक प्रत पाठवायची असते, ती विसरू नका.

कॉपीराइट नोंदणीत मी थोडक्यात वाचले. एकाच लेखकाच्या एकाच कृतीसाठी ४५ डॉलरचा सोपा अर्ज असतो. तो अर्धा भरला होता. ग्रंथालयातल्या एका बाईंनी आठवण करून दिली की आतला नकाशा तुमचा नाही. दुसऱ्याच्या हातचं काही आत असेल तर तो अर्ज चालत नाही, ६५ चा भरावा लागतो. तो भरला, प्रमाणपत्र तीन महिन्यांनी टपालाने आलं.

सगळा हिशोब मांडते : ११०० संपादन, ४०० मुखपृष्ठ, १२० नकाशा, २९५ आयएसबीएन, ६५ नोंदणी, ३०० वाचनाचं मानधन. २२८० डॉलर, व्हिसाचा खर्च वेगळा. आजींनी पैसे घेतले नाहीत. दिवाळीच्या चकल्या घेतल्या आणि कृती लिहून मागितली.

१४ नोव्हेंबर २०२३ ला पुस्तक आलं. मुद्दाम मंगळवार निवडला.

विक्री फार नाही, आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण हस्तलिखित तपासणाऱ्या त्या बाईंनी पुस्तक वाचून मला फक्त एक ओळ पाठवली, "टेबल बरोबर आलंय." तो निरोप मी जपून ठेवलाय.

मार्च २०२४ मध्ये धीर करून एक प्रत सेंट्रल मार्केटमध्ये नेली. भाजीवालीला सांगितलं, यात तुमचं नाव नाही, पण सुरुवात तुमच्या ओट्यावर झाली. तिने एप्रनला हात पुसले, पुस्तक घेतलं, मुखपृष्ठावरच्या दोरीकडे बराच वेळ बघितलं. काही बोलली नाही. पुस्तक खालच्या खोक्यात, बिलांच्या वहीखाली ठेवलं.

तीन आठवड्यांनी मी कोथिंबीर घेत होते. तिने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या पुस्तकात आई मे महिन्यात सेलरी लावते."

"हो," मी म्हटलं.

"नोव्हेंबरच्या लग्नाची रोपं जुलैत लावतात. मे मधली तोवर टिकायची नाहीत."

मी घरी येऊन पहिलं प्रकरण उघडलं. मे चा जुलै केला तर ते दृश्य पहिल्या रविवारी बसेना, पाचव्यात न्यावं लागलं. तोवर मुलगी चार वेळा जिना चढून आलेली असते. आई वाफे लावतेय आणि ती खिडकीतून बघतेय, हे आता तिथे आहे. बदललेली फाईल चढवायला पैसे पडत नाहीत, दोन-तीन दिवसांत नवी आवृत्ती दिसू लागते. तिची एक प्रत परवा शुक्रवारी बाजारात नेली.